कोरा चहा कडूच असतो का?

भेट मिळालेल्या दार्जिलिंग चहाचं आपल्या घरांत बहुधा एकच होतं. आधण ठेवायचं, त्यात चमचाभर पान टाकायचं, नेहमीसारखं खळखळून उकळायचं. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं, दूध घातलं तर रंगही धड येत नाही, आणि पुडा फडताळात मागे सरकतो. 'कोरा चहा कडूच' हे मत तिथे पक्कं होतं. खरं तर दाणेदार चहासाठी तयार झालेली रीत अख्ख्या पानाला लावल्यामुळे हे घडतं. वेगवेगळे चहा चाखण्याची गोडी लागण्याआधीच माणूस मागे फिरतो याचं वाईट वाटतं, कारण हा छंद खर्चिकही नाही आणि अवघडही नाही.

ग्रीन टीचं झाड वेगळं आणि काळ्या चहाचं वेगळं, हा यातला सर्वांत जुना गैरसमज. तो फक्त सामान्य माणसांचा नव्हता. वनस्पतींच्या नामकरणाची शिस्त घालून देणाऱ्या कार्ल लिनियसनंही १७६२ साली हिरव्या आणि काळ्या चहाच्या दोन वेगळ्या जाती मानल्या होत्या. १८४३मध्ये चीनला गेलेल्या रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतीतज्ज्ञानं मळे प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एकाच झाडाच्या पानांपासून दोन्ही चहा बनतात. पुढे ईस्ट इंडिया कंपनीसाठी तो पुन्हा चीनमध्ये गेला, तेव्हा त्याला आणखी एक प्रकार दिसला. परदेशी गिऱ्हाइकाला चहा अधिक हिरवा दिसावा म्हणून त्यात प्रशियन ब्लू हा रंग आणि जिप्सम मिसळत होते. गैरसमजाची किंमत लोक अशी पोटात घालत होते.

झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे मुख्य प्रकार दोन: बारीक पानांचा चिनी आणि रुंद पानांचा आसामी. पण पेल्यात जो फरक पडतो, त्यातला मोठा वाटा पान खुडल्यानंतरच्या काही तासांचा आहे. कापलेलं सफरचंद हवेत तांबूस पडतं, तशीच क्रिया वळलेल्या, चुरडलेल्या चहाच्या पानात होते. ती सुरू होण्याआधीच पानाला वाफ दिली, जशी जपानात देतात, किंवा चीनप्रमाणे तापल्या कढईत परतलं, तर ग्रीन टी होतो. क्रिया अर्ध्यावर थांबवली तर उलाँग, पुरी होऊ दिली तर काळा चहा. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पानांचा एक किलो तयार चहा होतो. पान किती कोमेजू द्यायचं, किती वळायचं, केव्हा थांबायचं हे ठरवणारा कारखान्यातला माणूस मला मळ्याच्या नावाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मार्च-एप्रिलमधला दार्जिलिंगचा पहिला खुडा, म्हणजे फर्स्ट फ्लश, याचं उत्तम उदाहरण आहे. विक्रीला तो काळा चहा म्हणून येतो, पण पुडा उघडला तर पानं हिरवट दिसतात आणि पेल्यातला रंग फिकट सोनेरी. 'रंगच येत नाही, म्हणजे चहा हलका' असं समजून लोक तो नाकारतात. ही पानं भरपूर कोमेजवून मग फार थोडा वेळ हवेवर ठेवलेली असतात, म्हणून रंग फिका राहतो. त्यांचा सगळा जीव सुगंधात असतो. मे-जूनच्या दुसऱ्या खुड्याची गोष्ट तर याहून सुरस. चांगल्या चहासाठी पान निष्कलंकच हवं असं वाटतं ना? कापसावर तुडतुडे पडले की आपला शेतकरी धास्तावतो. त्याच कुळातले हिरवे तुडतुडे दार्जिलिंगच्या झुडपांचा रस शोषतात. झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि पिकल्या द्राक्षांची आठवण देणारा जो 'मस्कटेल' स्वाद जगभर वाखाणला जातो, त्यात या किडीचा हात असतो. तैवानमधल्या 'ओरिएंटल ब्यूटी' या उलाँगचंही तेच. कीड मारायला फवारणी केली, तर हा स्वादच हातचा जातो.

आता उलट बाजूचा गैरसमज, जो छंदाची गोडी लागलेल्यांमध्येच जास्त दिसतो: आपला दाणेदार चहा निकृष्ट, आणि डस्ट म्हणजे कारखान्यातला केर. हे साफ चूक आहे. आसामात १९३०च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. दातेरी रुळांमध्ये पान चिरडून, फाडून, त्याचे दाणे वळवायचे, की चहा झटपट आणि भरपूर उतरतो. डस्ट ही त्यातल्या सर्वांत बारीक कणांची प्रतवारी आहे. तिच्यातही चांगला माल असतो आणि वाईटही. उकळल्यानं उतरणारा तुरटपणा दुधातल्या प्रथिनांशी बांधला जातो, वर साखर आणि आलं. मामरी आणि डस्ट मापात मिसळून 'फॅमिली मिक्श्चर' बनवणारा पेठेतला चहावाला यातला जाणकार असतो, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

अख्ख्या पानाला मात्र उकळी नको. पाव लिटरला थोडं कमी पाणी, एक सपाट मोठा चमचा पान, झाकण ठेवून तीन मिनिटं, मग लगेच गाळायचं. आसामच्या काळ्या चहाला उकळतं पाणी चालतं. फर्स्ट फ्लशला ते किंचित निवलेलं हवं आणि ग्रीन टीला सत्तर-ऐंशी अंशांचं. थर्मामीटर लागत नाही. उकळलेलं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं की बरंच निवतं. चांगल्या उलाँगवर तर पुन्हा पुन्हा पाणी ओतता येतं, आणि दुसरा-तिसरा पेला पहिल्याहून सरस लागतो.

ग्रीन टीत कॅफिन नसतं हेही खरं नाही. सुक्या पानात साधारण दोन ते चार टक्के कॅफिन असतंच, आणि कोवळ्या कळ्यांत ते जास्त असतं. त्यामुळे निव्वळ कळ्यांचा, नाजूक दिसणारा व्हाइट टीही झोप उडवू शकतो. रात्री काही गरम हवं असेल तर गवती चहा घ्यावा. ते गवत आहे, त्यात कॅफिन नाही. ग्रीन टीनं वजन उतरतं म्हणावं, तर अभ्यासांत दिसलेला परिणाम अगदी किरकोळ आहे. उलट कुठलाही चहा जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. अंगात रक्त कमी असणाऱ्यांनी जेवण आणि चहा यांत अंतर ठेवावं. औषध म्हणून चहा पिणाऱ्याला त्याचा स्वाद क्वचितच कळतो.

दुधाचा मसाला चहा ही हजारो वर्षांची भारतीय परंपरा असल्याचं हल्ली पुड्यांवर छापतात. आसामातले सिंगफो लोक इंग्रजांच्या आधीपासून चहा पीत होते, आणि १८२३मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला तिथल्या चहाची माहिती सिंगफो प्रमुख बिसा गाम यांच्याकडूनच मिळाली. पण देशभर घरोघरी चहा पोहोचला तो विसाव्या शतकात. १९०३मध्ये चहावर उपकर बसवून त्यातून प्रचार चालवला गेला, तेव्हा कुठे आपल्याला ही सवय लागली. मसाले आणि भरपूर दूध ही त्यात आपल्या लोकांनी घातलेली भर, आणि तिचा अभिमान बाळगायला खोट्या प्राचीनतेची गरज नाही.

फुरके मारत पिऊ नये, अशी शिकवण घरी मिळते. व्यावसायिक चहापारखी मात्र जोरदार फुरका मारूनच चव घेतात, कारण हवेबरोबर चहा तोंडभर पसरतो आणि वास घशामागून नाकात चढतो. पारखताना ते शंभर मिलिलिटर उकळत्या पाण्यात दोन ग्रॅम पान सहा मिनिटं ठेवतात. इतक्या कडक चहात पानाचे दोष उघडे पडतात. घरी पिण्यासाठी ते माप नाही.

सुरुवात करायची तर एकाच मळ्याचा पहिला आणि दुसरा खुडा पन्नास-पन्नास ग्रॅम आणावा आणि दोन पेले शेजारी ठेवून प्यावेत. सोबत निलगिरीचा किंवा कांगड्याचा चहा असला तर उत्तम. महाग तोच चांगला, असं धरून चालू नये. कमी उत्पादन आणि नावाचा दबदबा यांनीही भाव चढतो. चहा फ्रिजमध्ये ठेवू नये, मसाल्यांच्या डब्याशेजारी तर नकोच, कारण पान वास आणि ओल चटकन ओढून घेतं. हवाबंद, उजेड न लागणाऱ्या डब्यात ग्रीन टी आणि फर्स्ट फ्लश वर्षाच्या आत संपवावेत. चीनमधल्या युन्नानचा पुएर चहा तेवढा अपवाद, तो वर्षानुवर्षं मुरत जातो आणि त्याला थोडी हवा लागते.