वरात कोणत्या दिशेने निघते? धार-देवासच्या मराठी घरांतील लग्नसोहळा

गोव्यातून माळव्यातील नातलगाच्या लग्नाला निघालेल्या पाहुण्याचा पहिला गोंधळ एका ओळखीच्या शब्दावरून होतो. यजमानाघरून निरोप येतो, 'बारात सायंकाळी सातला निघेल.' आपल्याकडे वरात म्हणजे लग्न लागल्यानंतर नवदांपत्याची वराच्या घराकडे निघणारी मिरवणूक. साहजिकच पाहुणा समजतो की सातपर्यंत अक्षता पडून जेवणावळीही उठलेल्या असतील. प्रत्यक्षात माळव्यात बारात लग्नाआधी निघते आणि ती वराला वधूच्या दारी घेऊन येते. शब्द एकाच कुळातले असले तरी मिरवणुकीची दिशा उलटी आहे. सातला समारंभ संपत नाही, तेथून तो सुरू होतो आणि पुष्कळदा मध्यरात्र ओलांडतो.

हा अनुभव परक्या भाषेच्या घरी आला असता तर त्याचे नवल वाटले नसते. पण धार आणि देवास येथील ही घरे मराठी आहेत. घरात मराठी बोलली जाते, देव्हाऱ्यात कुलदैवताचा टाक असतो, लग्नात अंतरपाटही धरला जातो. तरीही समारंभाचा बराचसा भाग ओळखीचा वाटत नाही. 'हे लग्न मराठी पद्धतीचे नव्हेच' असा शेरा मारून पाहुणा मोकळा होतो. तो शेरा मारण्यापूर्वी या घरांचा इतिहास थोडा समजून घेणे इष्ट ठरेल.

दख्खनेतून माळव्यात

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेशव्यांच्या मोहिमांबरोबर होळकर, शिंदे आणि पवार ही सरदार घराणी माळव्यात स्थिरावली. पवारांची एक शाखा धारला बसली. दुसऱ्या शाखेतील तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांनी देवासला बस्तान बसवले. देवासच्या राज्याचा आरंभ 1728 सालापासून मानला जातो. पुढे या भावांच्या वंशजांची दोन स्वतंत्र संस्थाने झाली. थोरली पाती व धाकटी पाती अशा नावांनी ती एकाच गावात शेजारी शेजारी नांदली आणि प्रत्येकीचा राजवाडा व दरबार वेगळा राहिला. धारचे मराठी इतिहासातील स्थानही लहान नाही. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्म 1775 मध्ये धारच्या किल्ल्यातच झाला.

सरदारांमागून शिलेदार आले, कारकून, पुरोहित, वैद्य आणि कारागीर आले. संस्थानांच्या दफ्तरांत मोडी लिपीतील मराठी रुळली. कवी भा. रा. तांबे यांच्या शिक्षणाचा काही काळ देवासला गेला, यावरूनही तेथील मराठी वातावरणाची कल्पना यावी. 1948 मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 1956 मध्ये मध्य प्रदेश हे हिंदीभाषक राज्य अस्तित्वात आले. राजवाड्याची भाषा तेव्हापासून घराची भाषा उरली. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठीशी नाते जपणे म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

काय टिकले, काय आले

अशा घरांत लग्नाचा धार्मिक गाभा बहुधा टिकून आहे. देवक बसते, हळद लागते, वधू गौरीहरापुढे बसते, दोघांच्या कपाळी मुंडावळ्या बांधल्या जातात. अंतरपाट धरून मंगलाष्टके म्हटली जातात आणि अक्षता पडतात. विवाहहोम आणि सप्तपदी पुरोहिताच्या पोथीप्रमाणे होतात.

या गाभ्याभोवती मात्र माळव्याचा थर चढला आहे. लग्नाआधीच्या दिवसांत स्त्रिया रात्र जागवून गाणी म्हणतात, त्याला रतजगा म्हणतात. मेंदीचा स्वतंत्र कार्यक्रम असतो. वर घोडीवर बसून येतो आणि कित्येकदा मुंडावळ्यांच्या जोडीला त्याच्या चेहऱ्यावर फुलांचा सेहराही असतो. वधूच्या दारावर टांगलेल्या लाकडी तोरणाला तो तलवारीने किंवा काठीने स्पर्श करतो, हे 'तोरण मारणे'. त्यानंतर व्यासपीठावर वरमाला होते. पाठवणीला तेथे बिदाई म्हणतात आणि व्याह्याला समधी. कानपिळीचा मान वधूच्या भावाकडे असतोच, शिवाय वधूच्या बहिणी वराचे जोडे लपवून पैसेही वसूल करतात.

येथे एक सूक्ष्म फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. माळवी माणूस लग्नाला 'फेरे' म्हणतो, मराठी माणूस 'सप्तपदी' म्हणतो, आणि दोन्ही एकच समजले जातात. फेरे म्हणजे अग्नीभोवती घातलेल्या प्रदक्षिणा. त्या कोठे चार असतात, कोठे सात. सप्तपदी म्हणजे वधूवरांनी बरोबर चाललेली सात पावले. मराठी विधीत लाजाहोमाच्या वेळी अग्निप्रदक्षिणा होतात आणि सप्तपदी त्यानंतर वेगळी होते. माळव्यातील मराठी लग्नात या दोन कल्पना एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर त्याचे कारण शेजाऱ्यांच्या भाषेत शोधावे.

मामाचे दोन मान

दोन्ही प्रदेशांत लग्नातील सर्वांत मोठा मान मामाचा आहे, पण त्याचे काम निरनिराळे आहे. मराठी लग्नात मामा वधूला बोहल्यापर्यंत आणतो आणि अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभा राहतो. माळव्यात मामा 'मामेरा' घेऊन येतो. भाचरांच्या लग्नात भावाने बहिणीच्या सासरी वस्त्रे, दागिने व भेटी वाजतगाजत आणण्याचा हा विधी आहे. आपला आहेर दोन्ही बाजूंनी येतो-जातो. मामेऱ्याचा प्रवाह मात्र मुख्यतः माहेराकडून बहिणीच्या घराकडे वाहतो.

या फरकामागे नात्यांची मोठी रचना आहे. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात ती उलगडून दाखवली. उत्तरेत जवळच्या नात्यात विवाह वर्ज्य मानला जातो आणि दक्षिणेत काही जवळची नाती विवाहासाठी इष्ट समजली जातात. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर आहे. म्हणून अनेक मराठी जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, तर माळव्यातील शेजाऱ्याला ती बहीणच वाटते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही निषिद्ध नात्यांच्या बाबतीत रूढीचा अपवाद मान्य केला आहे. 'मामाच्या मुलीशी लग्न?' हा माळव्यात ऐकू येणारा प्रश्न हेटाळणीचा असेलच असे नाही. विचारणाऱ्याच्या जगात ते नाते मुळात वेगळ्या नावाचे आहे.

पोथीतले आणि कंठातले

कोणते विधी टिकतात आणि कोणते आधी बदलतात, याचा विचार केला तर एक गोष्ट जाणवते. मंगलाष्टके टिकतात, कारण ती पोथीत आहेत आणि म्हणणारा पुरोहित आहे. घाणा भरतानाच्या ओव्या, हळदीची गाणी, विहिणींनी एकमेकींना काढलेले चिमटे ही सामग्री पोथीत नसते. ती आजीच्या आणि आत्याच्या कंठात असते. दुसऱ्या भाषेच्या घरातून सून आली, शेजारणी माळवी बोलणाऱ्या असल्या, की त्या जागी बन्ना-बन्नीची गीते सहज येऊन बसतात. वधूवरांना उद्देशून गायिली जाणारी ही माळवी गीते सुंदर आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण त्यांच्यामुळे कोणती गाणी मुकी झाली, याची नोंद कोणीच ठेवत नाही.

हा विषय गोव्यालाही परका नाही. आपल्या लग्नघरांतील होवयो आज किती जणींना येतात, आणि चुडा भरण्याच्या वेळी मोबाईलवरचे हिंदी गाणे किती घरांत वाजते, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरी शोधावे. देवासच्या नातलगांकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात.

या बाबतीत देवासनेच एक वेगळे उदाहरण घालून दिले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पंडित कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारातून उठण्यासाठी 1948 मध्ये देवासला आले आणि 1992 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. अंथरुणाला खिळलेल्या काळात त्यांच्या कानी माळवी लोकगीते पडत होती. ती त्यांनी कान देऊन ऐकली, जमवली आणि त्यांतील धुनांमधून नवे राग उभे केले. कन्नड घरात जन्मून मराठी संस्कारांत वाढलेल्या कलावंताने माळवी गाणे आपलेसे केले, पण स्वतःचे काही टाकून दिले नाही. परमुलखाच्या चालीरीतींकडे पाहण्याची ही रीत पाहुण्यालाही उपयोगी पडावी.

पंगतीत काय वाढतात

गोमंतकीय पाहुण्याला सर्वांत आधी उणीव भासते ती नारळाची. खतखते नाही, मणगणे नाही, सोलकढी नाही. ताटात येतात ते तुपात बुडवलेले बाफले, त्यावर डाळ, सोबत कढी आणि शेवटी लाडू. माळव्याची जमीन काळी व गव्हाची आहे. बाफला हा कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडतात, मग निखाऱ्यावर भाजतात. आपल्या पंगतीत समुद्रकाठचा भात आणि माड बोलतो, तेथील पंगतीत काळ्या रानातला गहू बोलतो. त्याच ताटाच्या कडेला पुरणपोळी किंवा श्रीखंड दिसले, तर घराचा मूळ पत्ता कळतो.

दोन घराण्यांचे एक लग्न

दूरदेशीच्या मराठी लग्नांत सर्वांत गाजलेला संबंध देवास थोरल्या पातीचा आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या कन्या राधाबाई, ज्यांना अक्कासाहेब म्हणत, 1908 मध्ये तुकोजीराव पवार (तिसरे) यांना देण्यात आल्या. वर विशीत होते, वधू चौदा वर्षांच्या आसपास. दोन्ही घराणी मराठा, दोन्हींची भाषा मराठी, मानपानात उणे काही राहण्याचा प्रश्नच नव्हता. 1910 मध्ये पुत्र विक्रमसिंहराव यांचा जन्म झाला. तरीही संसार टिकला नाही. अक्कासाहेब देवास सोडून कोल्हापुरास परतल्या. तुकोजीरावांनाही पुढे राज्य सोडून पाँडिचेरीत आश्रय घ्यावा लागला आणि 1937 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. विक्रमसिंहराव 1947 मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती झाले.

या कथेतून एवढाच बोध घ्यावा की चालीरीती जुळल्या म्हणून संसार जुळतोच असे नाही. चौदा वर्षांच्या मुलीला शेकडो मैल दूर पाठवताना तिचे मन कोणी विचारले असेल, असे त्या काळाकडे पाहून वाटत नाही. आज मेंदी कशी निघाली, यापेक्षा वधूच्या संमतीचा प्रश्न मोठा आहे. माळव्याच्या ग्रामीण भागात आखातीजेच्या मुहूर्तावर होणारे बालविवाह रोखण्यासाठी प्रशासनाला आजही जागता पहारा ठेवावा लागतो.

सही की सप्तपदी?

गोव्यातील मुलगी किंवा मुलगा माळव्यात लग्न करणार असेल, तर कायद्यातील फरक आधी समजून घेणे अगत्याचे आहे. गोव्यात विवाह नागरी निबंधकापुढे दोन टप्प्यांत होतो. आधी इराद्याची नोंद होते, आणि मुदतीनंतर पुन्हा हजर राहून सह्या करून तो कायम करावा लागतो. विवाहपूर्व करार केला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. मध्य प्रदेशात हिंदू विवाह कायदा लागू आहे. जेथे सप्तपदीचा विधी असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. सामाईक मालमत्तेची गोव्यासारखी तरतूद तेथे नाही. नोंदणी हा त्या विवाहाचा पुरावा असतो, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती सक्तीची करण्याचे निर्देश दिले. म्हणूनच गोमंतकीय नातलग 'सह्या कधी?' असे विचारतो आणि माळव्यातील नातलग 'फेरे कधी?' असे. दोघांचाही प्रश्न बरोबर आहे. आंतरराज्य विवाहात मालमत्तेचे हक्क कोणत्या कायद्याने ठरतील, याचा सल्ला हॉल ठरवण्याच्या आधीच वकिलाकडून घ्यावा.

पाहुण्याने काय करावे

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1912 च्या नाताळात प्रथम देवासला आला. राजाने त्याला हिंदी पोशाख चढवला आणि राजवाड्यातील मेजवानीला बसवले. त्या प्रसंगाचे वर्णन त्याने पत्रात केले असून त्यात हसू आहे ते मुख्यतः स्वतःच्या फजितीवर. 1921 मध्ये तो पुन्हा आला आणि महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने राहिला. ही सारी पत्रे आणि आठवणी 1953 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्याला सगळे कळले असे नाही. पण तो पंगतीत बसला, वाढले ते खाल्ले आणि कळले नाही ते विचारले.

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवींची स्थाने आहेत. स्थानिक लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात. तुळजापूरच्या भवानीचे नाव माळव्याच्या टेकडीवर आहे आणि हाक मात्र हिंदीत आहे. तेथील मराठी लग्नाचेही असेच आहे. लग्नाला जाणाऱ्या गोमंतकीय पाहुण्याने नारळ सोबत न्यावा, मंगलाष्टके चालू असताना ठेवणीतल्या आवाजात एखादे म्हणावे आणि रतजग्याला जागे राहावे. घरातल्या म्हाताऱ्या बाईला ओव्या येत असतील, तर त्या तिच्याकडून उतरवून घ्याव्यात. पुढच्या लग्नात त्या कदाचित कोणाला येत नसतील.