पाचगणीच्या जागेत वाटा : आधी कागद पाहा

पाचगणीत स्वतःची जागा घेणे लहान व्यापाऱ्याला अवघडच. म्हणून इंटरनेटवरून अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्तेत वाटा देणाऱ्या योजना भुरळ घालतात. बंधूंनो, सावध राहा. पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या खोल्यांच्या योजनेवर सुमारे ५० लाख लोकांचे ७,०३५ कोटी रुपये जमवले. २०१६ साली सेबीने ते परत करण्याचा हुकूम दिला.

मार्च २०२४ मध्ये सेबीने लहान रीटचे नियम केले : मालमत्ता किमान ५० कोटींची, गुंतवणूकदार किमान २००, प्रत्येकाचे किमान १० लाख. नोंदणी तपासा, योजनेवर व्याजी कर्ज आहे का, तेही विचारा. पाचगणी २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामाची परवानगी पाहा. भाड्यात वाटा, तोट्यातही वाटा, हीच खरी भागीदारी. ठरलेल्या परताव्याची हमी ऐकली की पाकीट खिशातच ठेवा.