कापसाचा हिशेब आणि संगणक : यवतमाळचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस व्यापाराने गेल्या पाच दशकांत हिशेबाची जी साधने स्वीकारली, त्यांचा क्रम लावून पाहिला असता असे दिसते की साधनाची निवड व्यापाऱ्याच्या पसंतीपेक्षा सरकारी नियमांच्या रेट्याने अधिक झाली, आणि प्रत्यक्ष खरेदी-विक्री व वसुली सांभाळणाऱ्या माणसाची सोय बहुतेक वेळा मागाहूनच पाहिली गेली.

1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याकडून थेट कापूस घेण्यास खासगी व्यापाऱ्याला मज्जाव झाला. त्यामुळे वणी, पांढरकवडा, पुसद यांसारख्या बाजारपेठांतील कापसाचा मुख्य हिशेब हा सरकारी खरेदी केंद्राचा हिशेब ठरला. 2002 च्या सुमारास हे बंधन सैल झाल्यावर जिनिंगचालकाला स्वतःची खरेदी, स्वतःचा चुकारा (म्हणजे मालापोटी शेतकऱ्याला द्यावयाची रक्कम) आणि स्वतःची येणी मांडणे भाग पडले. 1 एप्रिल 2005 रोजी मूल्यवर्धित कर लागू झाला, आणि 1986 मध्ये गोएंका पितापुत्रांनी सुरू केलेल्या बंगळुरूच्या कंपनीची टॅली ही हिशेबाची संगणक प्रणाली राज्यभरातील पेढ्यांप्रमाणे येथेही रुळली. तिच्या निवडीमागे गुणांची तुलना क्वचितच होती. कर सल्लागार तीच वापरतो आणि वाणिज्य शाखेची मुले क्लासमध्ये तीच शिकतात, एवढे कारण पुरेसे ठरले. हा निकष आळशीपणाचा वाटला तरी चुकीचा नव्हता, कारण ऐन हंगामात मुनीम सोडून गेला तर दुसरा लगेच मिळेल अशी प्रणाली तालुक्याच्या गावात अधिक उपयोगाची असते.

खरी अडचण मालाच्या स्वरूपात होती. जिनिंगच्या दारात आधी भरलेली आणि मग रिकामी गाडी तोलली जाते, दोन वजनांच्या फरकातून निव्वळ वजन निघते, ओलावा पाहून भाव ठरतो आणि काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, फाडली जाते. येथवरची खरेदी क्विंटलमध्ये असते. पुढे रेच्यातून, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रातून, एका क्विंटलमागे साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतांश सरकी व थोडी तूट असते. रुईच्या सुमारे 170 किलोंच्या गाठी बांधल्या जातात, तिचा भाव मात्र 356 किलोंच्या खंडीवर बोलला जातो, आणि सरकी पुन्हा क्विंटलने विकली जाते. घेतलेली वस्तूच विकली जाते, असे गृहीत धरून किराणा दुकानासाठी बांधलेली बिलिंग प्रणाली या ठिकाणी निरुपयोगी ठरते. एका खरेदीतून दोन माल, तीन मापे आणि तूट यांची उत्पादन-नोंद जिला पेलते, तीच येथे चालते.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि 15 नोव्हेंबर 2017 पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर उलट आकारणी लागू झाली, म्हणजे विकणाऱ्याऐवजी नोंदणीकृत खरेदीदारानेच कर भरण्याची पद्धत सुरू झाली. 25 मे 2018 पासून राज्यांतर्गत वाहतुकीलाही ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दस्तऐवज, आवश्यक झाले, तर 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर नोंदवून क्रमांक मिळवलेले बीजक, बंधनकारक झाले. ही मर्यादा मोठी भासते; परंतु खंडीला 55,000 रुपये भाव धरल्यास एक गाठ सुमारे 26,000 रुपयांची होते, आणि दोन हजार गाठी पुऱ्या होण्याआधीच लहान जिनिंगही ती ओलांडते. परवान्याशिवाय उतरवलेल्या प्रतीला सुधारणा मिळत नाहीत, त्यामुळे फुकटची वाटणारी प्रणाली याच काळात सर्वांत महाग पडण्याजोगी होती.

विक्रीच्या साधनांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. ग्राहक-संबंध प्रणाली, म्हणजे प्रत्येक ग्राहकाशी झालेले बोलणे, दिलेले भाव आणि पुढील स्मरणे एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, शेकडो ग्राहक असलेल्या धंद्यासाठी असते. मोजक्या सूतगिरण्यांना दलालामार्फत रुई विकणाऱ्या जिनिंगने ती घेणे हा निव्वळ हौसेचा खर्च होय. याउलट बी-बियाणे व खते उधारीवर देणाऱ्या कृषी सेवा केंद्राला, जेथे पेरणीची उधारी कापूस विकल्यावर वसूल होते, शेतकरीनिहाय येणे आणि मुदत दाखवणारे साधे मोबाइल अ‍ॅप अधिक कामाचे असते, मग ते दिसायला कितीही सामान्य असो.

2025 च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर शेतकऱ्यांची नोंदणी सुरू केली असून, मोबाइलवरची नोंद आता शेतकऱ्याच्याही वाट्याला आली आहे. नवी प्रणाली घेऊ पाहणाऱ्या व्यापाऱ्याने पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर मागील हंगामातील एक खरी काटापट्टी ठेवावी, ती चुकारा, रुई-सरकीची नोंद आणि ई-वे बिल यांपर्यंत आपल्याच मुनिमाच्या हातून नेऊन पाहावी, आणि प्रणाली सोडायची वेळ आल्यास सर्व नोंदी बाहेर काढता येतील काय, हे लेखी विचारून घ्यावे.