पट्टा कधी सुटणार?

पुण्यातल्या कुठल्याही अय्यंगार पद्धतीच्या योग क्लासमध्ये सहा-आठ महिने काढलेला साधक एकदा तरी विचारतोच, “ताई, माझा पट्टा कधी सुटणार?” विचारणाऱ्याच्या डोक्यात शाळेच्या इयत्ता असतात. पहिलीत खुर्ची, दुसरीत लोड, तिसरीत लाकडी वीट. मग एक दिवस पट्ट्यासकट ही सगळी आधाराची साधनं, म्हणजे प्रॉप्स, फडताळात जाणार आणि मोकळ्या सतरंजीवर ‘खरा’ योग सुरू होणार. क्लासबाहेर तर निकाल आधीच लागलेला असतो. “प्रॉप्स म्हणजे कुबड्या,” कोणीतरी काका ठणकावतात, “आपले ऋषिमुनी काय खुर्च्या घेऊन बसायचे?”

ऋषिमुनींचं नाव निघालंच आहे, तर तिथूनच सुरुवात करू. पातंजल योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आसनांची एक छोटी यादी आहे. पद्मासन, वीरासन, भद्रासन यांच्याच रांगेत तिथे ‘सोपाश्रय’ येतं, म्हणजे आधार घेऊन बसण्याचं आसन. नवव्या-दहाव्या शतकातले टीकाकार वाचस्पती मिश्र त्याचा खुलासा करतात, की हे योगपट्ट्याच्या साहाय्यानं बसणं आहे. ग्रंथावर विश्वास नसेल तर हंपीला जावं. कृष्णदेवरायाच्या काळातल्या, १५२८ सालच्या प्रचंड नरसिंहमूर्तीच्या गुडघ्यांभोवती तो पट्टा दगडातच कोरलेला आहे. शबरीमलाच्या अय्यप्पाच्या गुडघ्यांनाही तो असतो. साक्षात नरसिंहाला पट्टा चालतो, पण कोथरूडच्या काकांना त्यात कमीपणा वाटतो!

याचा अर्थ आजची सगळी साधनं प्राचीन आहेत, असा नाही. घडीच्या खुर्चीवरचं सर्वांगासन, भिंतीतल्या हुकांना अडकवलेले दोर, पाठ मागे टाकण्यासाठीचा कमानदार बाक हा विसाव्या शतकातला आणि बराचसा पुण्यातलाच उद्योग आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली गुरू टी. कृष्णमाचार्यांच्या सांगण्यावरून पुण्याला आले, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. बालपणी मलेरिया, विषमज्वर आणि क्षय भोगलेलं ते शरीर होतं. पुढे शिकायला येणाऱ्यांमध्येही धडधाकट तरुण कमी आणि पाठदुखीचे, गुडघेदुखीचे, वयस्क लोक जास्त, असं होऊ लागलं. त्यांना आसनात नेऊन तिथे थांबवायचं कसं, या प्रश्नातून घरातल्या वस्तू कामाला लागल्या. मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ साली उघडली. आजारी साधकांसाठीच्या ‘मेडिकल क्लास’च्या वेळी तिथलं दालन पाहिलं, की या प्रयोगांचा पसारा कळतो.

मग गैरसमज आला कुठून? त्याचं एक कारण खुद्द अय्यंगारांच्याच पुस्तकात असावं. ‘लाइट ऑन योग’ १९६६ साली इंग्रजीत आलं, मराठीत ते ‘योगदीपिका’ झालं. त्यातली शेकडो छायाचित्रं पाहताना डोळ्यांत भरतं ते उघड्या जमिनीवरचं, कसलाही आधार न घेतलेलं शरीर. वाचकानं निष्कर्ष काढला, की हे शिखर आणि लोड-विटा म्हणजे पायथा. त्याच पुस्तकाच्या शेवटी आसनांचा जो क्रम दिला आहे, तो ३०० आठवड्यांचा आहे, हे मात्र फारसं कोणी वाचत नाही. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं, तीही सगळं सुरळीत चाललं तर.

आता शरीराकडे वळू, कारण कुबडीवाल्यांचा खरा घोटाळा इथे आहे. स्नायू जोर लावून किंवा झटक्यानं ताणला, की त्याच्यातले संवेदक मज्जारज्जूला खबर देतात आणि तो स्वतःला वाचवण्यासाठी आकसतो. पश्चिमोत्तानासनात दात-ओठ खात पायाचे अंगठे पकडणारा माणूस स्वतःच्याच मांडीच्या मागच्या स्नायूंशी भांडत असतो. त्याच माणसानं नितंबांखाली ब्लँकेटची घडी घेतली, तळपायांना पट्टा लावला आणि श्वास चालू ठेवून तीन-चार मिनिटं काढली, तर पकड हळूहळू सुटते. पुढे काय होतं ते पाहायला त्या आसनात राहावं लागतं. आधार त्यासाठी असतो.

सर्वांगासनाचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. मान पुढे वाकण्याची सर्वसाधारण मर्यादा ४५ ते ५० अंशांच्या आसपास असते. सपाट जमिनीवर धड सरळ उभं करायचं, तर मान जवळजवळ काटकोनात जाते. उरलेले अंश कुठून येतात? बहुतेकांच्या बाबतीत मानेच्या मणक्यांवर जबरदस्ती करून. म्हणून खांद्यांखाली ब्लँकेटच्या चार-पाच घड्या आणि डोकं खाली जमिनीवर. कोपर फाकू नयेत म्हणून पट्टा. ही सवलत वीस वर्षं शिकवणारे शिक्षकही स्वतःला देतात आणि त्यांना कोणी नवशिके म्हणत नाही.

शिवाय प्रत्येक साधन काम हलकं करतं, हेच मुळात खोटं आहे. शीर्षासनात मांड्यांच्या मध्ये लाकडी वीट धरून पाहावी. पाय झोपले, की वीट पडते. लपवायला जागाच उरत नाही. ताडासनात पाठ भिंतीला लावली, की एक खांदा पुढे आहे, हे पाच सेकंदांत कळतं आणि आयुष्यभर आपण सरळ उभे राहतो, हा समज तिथेच संपतो.

साठी उलटल्यावर स्कूटरच्या अपघातांत अय्यंगारांच्या खांद्याला, पाठीला, गुडघ्याला मार बसला. जमणारी आसनं गेली. ती परत मिळवताना त्यांनी वर्षानुवर्षं हीच साधनं वापरली आणि नव्वदीतही बाकावर, खुर्चीवर पाठ टाकून दीर्घ काळ थांबण्याचा त्यांचा रोजचा सराव होता. पद्धतीचा जनकच जिथे ‘सुटला’ नाही, तिथे सहा महिन्यांच्या साधकाला पट्टा सोडण्याची घाई का असावी?

काकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. लोडावर सुप्त बद्धकोणासनात पडून घोरणाऱ्यांची संख्या कमी नाही. रोज तीच वीट, तीच उंची, तोच कोपरा असं झालं, तर साधन सवय होऊन बसतं. चांगले शिक्षक म्हणूनच मधूनमधून वीट काढून घेतात आणि आसनात काय बदललं ते विचारतात, मग पुन्हा देतात. काढणं ही तपासणी असते, बढती नव्हे.

पुढचा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: शीर्षासन आसनांचा राजा, म्हणून ते सगळ्यांनी करायचंच. ‘जर्नल ऑफ बॉडीवर्क अँड मूव्हमेंट थेरपीज’मध्ये २०१५ साली आलेल्या अभ्यासात अनुभवी साधकांच्या डोक्यावर पडणारा भार मोजला गेला. त्यातला कमाल भार शरीराच्या वजनाच्या ४० ते ४८ टक्के भरला. ही अनुभवी लोकांची गोष्ट झाली. दिवाणखान्यात व्हिडिओ पाहून पाय वर फेकणाऱ्यांची नाही. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासानुसार शीर्षासनात डोळ्यातला दाब साधारण दुपटीनं वाढतो. काचबिंदू असलेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. दोराला उलटं लटकल्यानं मान वाचते, पण डोळ्यांवरचा दाब टळतो असं समजू नये.

बाकीचे समज एकेका दमात. प्राणायामानं रक्तात ‘जादा ऑक्सिजन’ जातो, असं आजही सांगितलं जातं. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवीच ९५ टक्क्यांहून जास्त ऑक्सिजननं भरलेलं असतं आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी स्वतःच्या प्रयोगांवरून हा दावा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच खोडून काढला होता. घामावाटे ‘टॉक्सिन’ जातात म्हणे. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सूर्यनमस्कार पतंजलींनी सांगितले, हेही चूक. योगसूत्रांत आसनाला वाहिलेली सूत्रंच तीन आहेत आणि सूर्यनमस्कारांना व्यायाम म्हणून घरोघरी नेण्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा वाटा मोठा आहे. चौऱ्यांशी आसनं आलीच पाहिजेत? हठप्रदीपिकेत प्रत्यक्ष वर्णन पंधराचं आहे. गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर महिनाभरात २०० तासांचा कोर्स केला, की माणूस शिक्षक होतो? २०० तास ही १९९९ साली सुरू झालेल्या एका अमेरिकी संघटनेची किमान अट आहे. वरचे ३०० आठवडे तिच्याशेजारी ठेवून पाहावेत.

घरचा सराव वाढवायचा असेल, तर ऑनलाइन मिळणारं महागडं ‘योगा किट’ लागत नाही. पत्र्याची घडीची खुर्ची, दोन जाड सोलापुरी चादरी, जुनी ओढणी आणि एक मोकळी भिंत एवढं पुरतं. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊ नये, ती भाराखाली पाय फाकवते. पत्र्याची खुर्चीही गुळगुळीत फरशीवर थेट न ठेवता मॅटवर ठेवावी. क्लासमध्ये शिकवलेलं एकच आसन आठवडाभर करावं, कुठे अडलं ते वहीत लिहावं आणि पुढच्या क्लासला शिक्षकांना तेवढंच विचारावं. मानेचं दुखणं, रक्तदाब, डोळ्यांचा आजार, गर्भारपण यांतलं काहीही असेल, तर ते पहिल्याच दिवशी, फॉर्मवर रकाना नसला तरी, तोंडानं सांगावं.