डोंगराला पायऱ्या घालणारी पडकई

घोडेगाव सोडून पश्चिमेला निघालं की डिंभे धरणाची भिंत लागते. तिथून पुढे रस्ता हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्याला धरून वळणं घेत वर चढतो आणि जिथे संपतो ते आहुपे. पलीकडे सह्याद्रीचा कडा, खाली मुरबाड तालुक्यातलं खोपिवली, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. गिर्यारोहक हे गाव आहुपे घाटामुळे ओळखतात, वनस्पतींचे अभ्यासक भैरवनाथाच्या देवराईमुळे. मात्र आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात नीट बघण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली भाताची खाचरं. ती कुणा कंत्राटदाराने बांधलेली नाहीत. वाडीतल्या माणसांनी एकमेकांच्या शेतावर फुकट राबून, पिढ्यान्‌पिढ्या ती घडवली. या रीतीचं नाव पडकई.

रीत ऐकायला सोपी आहे. ज्याला नवं खाचर काढायचं आहे किंवा जुनं वाढवायचं आहे, तो वाडीत सांगून ठेवतो. ठरल्या दिवशी घरटी माणूस आपापली पहार, टिकाव, फावडं घेऊन येतो. मजुरी नाही. ज्याचं शेत, त्याच्या घरचं जेवण. पुढे दुसऱ्याच्या शेताची पाळी आली की आजच्या यजमानाने तिथे राबायला जायचं. हिशेबाची वही नसते, पण कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात असतं. देशावर नांगरणीसाठी इर्जिक असते, पेरणीला सावड असते. पडकई त्याच कुळातली, पण तिचं काम जास्त जड. इर्जिकीत नांगरलेलं शेत पुढच्या वर्षी पुन्हा नांगरावं लागतं. पडकईतून निघालेलं खाचर, राखलं तर, नातवंडांपर्यंत पोचतं.

इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पाऊस प्रचंड, जमीन मात्र उताराची. सपाट न केलेल्या अशा वरकस जमिनीत नाचणी, वरई, खुरासणी होते, पण दोन-तीन वर्षांत माती धुपते आणि रान विश्रांतीला सोडावं लागतं. भाताला पाणी उभं लागतं आणि उतारावर पाणी उभं राहत नाही. म्हणून डोंगरालाच पायऱ्या घालायच्या. घोड नदी याच परिसरात उगम पावते. पावसाळ्यात दिसेल तिथून पाणी धावत असतं. त्याला चार महिने शेतात थोपवून धरणं ही इथल्या शेतीची पहिली अट आहे.

काम चालतं भात झोडून घरात आल्यापासून पहिल्या पावसापर्यंत, त्यातही उन्हाळ्यात जास्त. याच दिवसांत रानात बाळहिरडा गोळा करायचा असतो, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो, लग्नंही असतात. त्यातून सवड काढून माणसं येतात.

आधी जागा बघतात. उतार जितका तीव्र तितकं खाचर अरुंद, हा पहिला नियम, कारण रुंदी वाढवायची तर वरच्या अंगाला खोल खणावं लागतं आणि खालच्या अंगाला उंच भिंत लागते. मग वरची काळी माती खरवडून एका बाजूला ढीग करून ठेवतात. घाई असली तरी ही पायरी चुकवायची नसते. खालचा मुरूम वर आला तर त्यात आवण, म्हणजे भाताचं रोप, जीव धरत नाही. मोठे धोंडे पहारेने उचकटून खालच्या कडेला आणतात आणि तिथे ताल रचायला घेतात. ताल म्हणजे चुना-सिमेंटशिवाय रचलेली दगडी बांधाची भिंत. पायथ्याला चर खणून घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं, सगळ्यात मोठे दगड तिथे बसवायचे, वरचा प्रत्येक थर किंचित आत, डोंगराकडे कलता ठेवायचा. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा दगड यावा, सांध्यावर सांधा येऊ नये. मागच्या पोकळीत लहान दगड आणि चिपा ठासायच्या. त्या ठासणीतून जादा पाणी झिरपून बाहेर पडतं, म्हणून भिंतीवर दाब साचत नाही. ताल उभा राहिला की वरच्या अंगाचा मुरूम ओढून खालचा खड्डा भरतात आणि शेवटी बाजूला ठेवलेली काळी माती वर पसरतात. एका कोपऱ्यात पाणी खालच्या खाचरात उतरायला वाट ठेवतात.

सपाटी नजरेने धरलेली असते. खरी परीक्षा घेतो पहिला पाऊस. पाणी एका कोपऱ्यात तुंबलं आणि दुसरा कोरडा राहिला की कुठे किती माती सरकवायची ते आपोआप कळतं, चिखलणीच्या वेळी फळी फिरवून ते दुरुस्त करतात. नव्या खाचरात सुरुवातीला पीक बेताचंच येतं. शेणखत, पालापाचोळा पडत जाईल तशी जमीन तयार होते.

या कामात बायांचा वाटा मोठा आहे. माती घमेल्यांनी वाहणं, चिपा वेचणं, शिवाय यजमानाच्या घरी तेवढ्या माणसांचा स्वयंपाक. भिंत बघणाऱ्याला दगड बसवणारा हात आठवतो. पण तो दगड पाठीमागून धरून ठेवणारी चिपांची ठासण बहुधा बायांनी वेचून आणलेली असते, हेही सांगायला हवं.

डिंभे धरणाने या रीतीला नवी निकड आणली. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. घोड नदीवर ते बांधलं आणि दरीतली उत्तम, बसकी भातजमीन पाण्याखाली गेली. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगावही बुडालं. अडवलेलं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जातं आणि खालचे तालुके भिजवतं. वर राहिलेल्या माणसांच्या वाट्याला उरला उतार. ज्यांची खाचरं गेली त्यांनी डोंगरात नवी काढायची, हाच मार्ग होता. पण कुटुंबच उपासमारीच्या काठावर आलेलं असताना दुसऱ्याच्या शेतावर फुकट राबायचं बळ कुठून आणायचं?

इथे ‘शाश्वत’ संस्थेचं काम महत्त्वाचं ठरलं. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी उभ्या केलेल्या या संस्थेने धरणग्रस्त आदिवासींबरोबर राहून बरंच काही केलं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसायला मिळावी, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराऐवजी स्थानिकांच्या सहकारी संस्थेला मिळावा, यासाठी संघटन उभं राहिलं. त्याच्या जोडीला पडकई. संस्थेने वेगळं तंत्र शिकवायला घेतलं नाही. लोकांना जे येत होतं तेच ओळखलं आणि ते टिकावं म्हणून आधार दिला. 2012 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या ‘इक्वेटर पुरस्कारा’साठी जगभरातून निवडलेल्या 25 उपक्रमांत ‘शाश्वत’ होती.

त्याच वर्षी फिलिपिन्समधल्या इफुगाव डोंगरांतली भाताची खाचरं युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीतून बाहेर आली. 1995 साली जागतिक वारसा ठरलेली ती खाचरं 2001 मध्ये धोक्यात असल्याचं जाहीर झालं होतं. कारण ओळखीचं आहे: तरुण शहराकडे गेले, भिंती दुरुस्त करायला हात उरले नाहीत. तीही सामुदायिक श्रमावर उभी आहेत. दोन वेगळ्या देशांत भाताने माणसांना एकच शिस्त लावलेली दिसते.

राज्याच्या कृषी खात्यानेही ‘पडकई’ याच नावाचा कार्यक्रम आदिवासी डोंगराळ भागासाठी आणला. डोंगरातल्या शेतकऱ्याच्या जमीन-सुधारणेवर सरकारने पैसा खर्च करावा, हे योग्यच होतं. पण पैशाबरोबर यंत्रं आली. दहा घरांनी महिनाभर खपून जे करायचं ते जेसीबी दोन दिवसांत करू लागला.

30 जुलै 2014 च्या सकाळी मुसळधार पावसात याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. मूळ कारण अतिवृष्टीच, त्याबद्दल फारसं दुमत नाही; पण उतारांवर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा त्यात वाटा किती, यावर मोठा वाद झाला. त्या वादात पडकई हे नाव आरोपीच्या पिंजऱ्यात आलं आणि ते अन्यायाचं होतं. हाताने होणारी पडकई हळू चालते आणि त्या हळूपणातच तिची सुरक्षितता आहे. पहारेला जो धोंडा हलत नाही, तो जागेवर ठेवून खाचर त्याच्याभोवती वळवतात. झाड असेल तर बांध त्याला धरून घेतात. एका उन्हाळ्यात एक-दोन खाचरं निघतात, पाऊस त्यांची परीक्षा घेतो, मग पुढचं काम. यंत्राला असं थांबता येत नाही. ते एका दमात सगळा उतार मोकळा करतं, काळी माती मुरमाखाली गाडतं आणि तालाऐवजी भुसभुशीत मातीचा ढिगारा कडेला सोडतं. एकाच नावाखाली ही दोन वेगळी कामं चालू राहिली, तर पुढच्या दुर्घटनेतही दोष जुन्या रीतीवरच येईल.

आता बाजाराचं. खाचरातलं भात आधी घरच्या कणगीत जातं आणि ते बरोबरच आहे. वर उरतं ते थोडं. हमीभावाने भात घेणारं आदिवासी विकास महामंडळ 1972 पासून आहे, तरी अडीनडीला व्यापाऱ्याच्या काट्यावर माल घालावा लागतो. आठवडे बाजारात बाया कुर्डू, भारंगी, टाकळा, करटोली, चाईचा मोहोर घेऊन बसतात आणि दुपारनंतर पडेल त्या भावाला देऊन एसटी गाठतात. अलीकडे ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरतात. राज्याच्या पणन मंडळाने 2016 साली संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू केलं आणि शहरांत शेतकऱ्याला थेट ग्राहकासमोर बसायला जागा मिळू लागली. मात्र असा बाजार दर आठवड्याला गाडीभर माल आणू शकणाऱ्याला परवडतो. आहुप्याच्या एका घराकडे विकायला असतात इंद्रायणी भाताची दोन पोती, थोडी नाचणी आणि पाटीभर रानभाजी.

पडकईचा नियम इथेच कामाला यावा असं वाटतं. दहा घरांचा तांदूळ एका गिरणीवर भरडायचा, एका टेंपोत घालायचा आणि विकायला बसायची पाळी लावायची: या आठवड्याला एका घराने, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याने. भात विकण्याऐवजी तांदूळ विकला तर भरडाईचा आणि कोंड्याचा पैसाही घरात राहतो. शहरातल्या ज्या स्वयंसेवकांना या भागासाठी काही करायचं असतं, त्यांच्यासाठीही हे काम मोलाचं आहे. सोसायटीत जागा मिळवून देणं, आगाऊ मागणी गोळा करणं, उरलेला माल ठेवून घेणं. एका दिवसासाठी चिखलात उतरून भातलावणी करून जाणाऱ्यांचं गाव स्वागत करतं, पण आवणी त्यांच्यावाचून अडलेली नसते. अडतं ते नोव्हेंबरनंतर, विक्रीपाशी.

आणि अडतं दुरुस्तीपाशी. दर पावसाळ्यात कुठला ना कुठला ताल फुगतो, ढासळतो. फुटलेला ताल त्याच उन्हाळ्यात उचलला नाही तर पुढच्या पावसात वरच्या खाचराचं पाणी त्याच भगदाडातून घुसतं आणि खालची दोन-तीन खाचरं घेऊन जातं. शेजाऱ्याचं नुकसान होतं ते असं. म्हणून स्वतःचं शेत शाबूत असलेला माणूसही दुसऱ्याचा ताल रचायला येतो. आज गावातली बरीच तरणी मुलं नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात आणि चाकणच्या कारखान्यांत रोजावर आहेत. सुटी मिळते ती आवणीला आणि सणाला. उन्हाळ्यातल्या पडकईला मिळत नाही. दगड बसवण्यातले जाणते बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे आहेत. रोजगार हमीच्या कामांत जुन्या तालांच्या दुरुस्तीला मोजमापासह स्थान मिळालं आणि त्या कामावर एका जाणत्याबरोबर दोन शिकाऊ ठेवले, तर या पोरांना उन्हाळ्यात गावातच रोज मिळेल आणि ताल रचायचं काम ती करता करता शिकतील.