बटाट्याचं माहेर

बटाट्याच्या रक्तात टोमॅटो आहे, ही बातमी जुलै २०२५ च्या अखेरीस जगभर गाजली आणि चार दिवसांत विरूनही गेली. ‘सेल’ या नियतकालिकातला मूळ शोधनिबंध मात्र निवांत वाचण्यासारखा आहे. सान्वेन ह्वांग यांच्या चमूनं लागवडीखालच्या साडेचारशे बटाट्यांचे आणि ५६ रानटी जातींचे जनुकसंच ताडून पाहिले. सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत टोमॅटोच्या पूर्वजाचा ‘एट्युबरोसम’ या गटातल्या वनस्पतीशी संकर झाला, आणि त्यातून बटाट्याचं घराणं सुरू झालं. गंमत अशी की दोघांपैकी एकालाही गड्डे येत नाहीत. गड्डा कधी धरायचा, हे ठरवणारं जनुक आलं टोमॅटोकडून. ज्या जमिनीखालच्या खोडाला गड्डा धरतो, त्याच्या वाढीचं जनुक आलं दुसऱ्याकडून. अँडीज पर्वत तेव्हा उंचावत होता. थंडीत जमिनीखाली शिधा साठवणारं आणि बियांवाचूनही पुन्हा फुटणारं हे झाड तिथं तगलं.

इथवर निसर्गाचं काम झालं. माणसानं काय केलं, ते बातम्यांमध्ये आलंच नाही, आणि मला तेच अधिक मोलाचं वाटतं.

रानटी बटाटा कडू असतो, विषारीही असतो. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, तितिकाका सरोवराच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं. कडू बटाट्याबरोबर तिथं आजही एक खास चिकणमाती कालवून खातात. ती विष धरून ठेवते, पोटात भिनू देत नाही. त्याहून मोठी करामत म्हणजे ‘चुन्यो’. जून-जुलैच्या कडाक्याच्या रात्री माळावर बटाटे पसरून ठेवतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हात सैल पडतात. काही दिवसांनी माणसं अनवाणी पायांनी ते तुडवतात. साल सुटते, पाणी निघून जातं आणि त्याबरोबर बराचसा कडवटपणाही. मग ते उन्हात वाळवायचे. हलके, काळपट, खडखडीत झालेले हे गड्डे वर्षानुवर्षं टिकतात. इंका साम्राज्याच्या कोठारांत हा चुन्योही साठवलेला असे. प्रयोगशाळा हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी झालेलं हे संशोधन आहे, आणि ते करणाऱ्यांची नावं कुठल्याही शोधनिबंधावर नाहीत.

पिकांची माहेरं शोधायची कशी, हा प्रश्न नेटानं हाती घेतला निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञानं. १९२६ साली त्यानं मांडलं, की एखाद्या पिकाचं सर्वाधिक वैविध्य जिथं सापडेल, तिथंच त्याचं उगमस्थान शोधावं. नियम म्हणून हे तंतोतंत खरं ठरलं नाही. इथिओपियात सातूचं प्रचंड वैविध्य आहे, पण सातूचं माहेर म्हणून आज पुरावे बोट दाखवतात ते पश्चिम आशियाकडे. तरी कुठं जाऊन काय गोळा करावं, याचा नकाशा वाविलोवनं दिला. त्याचे सहकारी बुकासोव आणि युझेपचुक मेक्सिकोपासून चिलीपर्यंत हिंडले आणि युरोपनं कधी न पाहिलेले बटाटे घेऊन आले.

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर आयर्लंडमध्ये आहे. बटाटा गड्ड्यापासून लावतात, म्हणजे शेतातलं प्रत्येक झाड जनुकांनी सारखंच. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा तिथली गरीब जनता मुख्यतः ‘लंपर’ या एकाच वाणावर जगत होती. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि रोगराईनं गेली. विसाव्या शतकात करप्याशी झुंजणाऱ्या अनेक जाती तयार झाल्या, त्या मेक्सिकोतल्या ‘सोलॅनम डेमिसम’ या रानटी भावंडाच्या जनुकांवर. आपल्याकडे आंबेगावच्या सातगाव पठारावर ढगाळ हवा पडली की शेतकरी करप्याच्या फवारणीला धावतो. तो ज्या रोगाशी लढतो, तो हाच.

वाविलोवचा शेवट वाचवत नाही. लिसेंको या सोव्हिएत शेतीतज्ज्ञाच्या भोंदू शास्त्राला विरोध केल्यामुळं तो स्टालिनच्या डोळ्यांत खुपत होता. १९४० साली युक्रेनमध्ये रोपं गोळा करत असतानाच त्याला अटक झाली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीनं खंगून तो गेला. त्याच काळात, त्याची संस्था जिथं होती त्या लेनिनग्राडला जर्मन वेढा पडला होता. १९४१ च्या हिवाळ्यात शहरात बहुतेकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. संस्थेत मात्र तांदूळ, शेंगदाणे, मका, गहू यांची पोती होती. पाव्हलोव्स्कच्या शेतातले बटाटे तोफांच्या माऱ्यात खणून शहरात आणले होते. ते गोठू नयेत म्हणून हाती लागेल ते लाकूड जाळून तळघर ऊबदार ठेवलं जाई. कर्मचारी उंदरांपासून बियाणं राखत बसले आणि एकेक करून मरत गेले. शुकिन हा भुईमुगाचा अभ्यासक कामाच्या टेबलापाशीच गेला. इवानोव हा भाताचा अभ्यासक तांदळाच्या साठ्याजवळ असूनही उपाशी गेला. त्यांनी ते बियाणं खाल्लं नाही.

अशा बियाण्याच्या पेढ्या हव्यातच. पण शीतगृहातलं बी जिथल्या तिथं थांबतं; नव्या रोगाशी, नव्या उष्म्याशी जुळवून घेणं शेतात आणि रानातच होतं. पेरूमध्ये कुस्कोजवळच्या पिसाक इथल्या ‘बटाटा उद्याना’तल्या आदिवासी गावांनी हे ओळखलं. २००४ मध्ये लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून त्यांनी आपले हरवलेले वाण पेढीतून परत मागून घेतले आणि शेतात लावले. तापमान वाढतंय तसे ते बटाटे डोंगरात आणखी वर सरकवत आहेत.

आपल्याकडे अशी निकड कुणाला वाटत नाही, याची मला चिंता वाटते. तुरीचं माहेर भारतच. तिची सर्वांत जवळची रानटी बहीण ओडिशा आणि बस्तरच्या जंगलांत वाढते. हैदराबादच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेनं संकरित तुरीसाठी लागणारे नरवंध्य, म्हणजे सकस पराग न देणारे, वाण हिच्याच आधारानं तयार केले. मराठवाड्यातला शेतकरी मर रोगानं तुरीचं अख्खं शेत वाळताना बघतो, तेव्हा उद्याचं उत्तर याच झुडपांत असू शकतं. ओडिशा-बस्तरमधलं हे जंगल खाणीसाठी देताना तिथले साग-साल मोजले जातात. तुरीच्या या रानटी झुडपांचीही गणती व्हायला हवी, आणि ती जिथं आहेत तो तुकडा खाणीतून वगळायला हवा.