शेजाऱ्याचं घर गळतं तेव्हा



जुलै महिन्यातली गोष्ट आहे. पाचवीच्या वर्गात वह्या तपासत होते. एका मुलाची वही फुगलेली, शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. मी त्याला सगळ्या वर्गासमोर बोलले, "साधी वही नीट ठेवता येत नाही का तुला?" तो मान खाली घालून उभा राहिला. मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी हळूच जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, त्याचं घर गळतं. रात्री पाऊस आला की ते सगळे एका कोपऱ्यात बसून राहतात."

त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटली. नंतर हजेरीपत्रक उघडून पाहिलं. पाऊस लागून राहिला की त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या. जो मुलगा रात्रभर भांडी ठेवून थेंब झेलतो, तो सकाळी साडेसातच्या प्रार्थनेला कसा येणार? गळकं छप्पर हा घरच्यांचा प्रश्न आहे असं आपण म्हणतो, पण तो आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचलेला असतो.

म्हणून आजचा पाठ आहे शेजाऱ्याच्या घराची दुरुस्ती. हे काम जगात कुठे, कोणी, कसं केलं, आणि आपल्या शाळेला त्यातून काय उचलता येईल, ते पाहू.

आपली जुनी रीत

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात पाऊस मुसळधार. तिथे मृग लागायच्या आधी घर शाकारायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. शाकारणं म्हणजे छपरावरचं गवत किंवा कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेले वासे बदलायचे आणि सगळं पुन्हा नीट रचायचं. हे एकट्याचं काम नाही. एक जण वर, दोघं खाली, एक हातात देणारा, असे चार-पाच जण तरी लागतात. म्हणून गावात सावड किंवा इर्जिक असायची. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण.

आता हे कमी झालं आहे. तरणी मुलं कामाला सातपूर-अंबडला किंवा मुंबईकडे गेली. गावात राहिले म्हातारे आईवडील, एकट्या बाया आणि लहान मुलं. शहरात तर वस्तीतल्या पत्र्याच्या खोलीला सावड कोण देणार? त्यात गोदावरीला पूर आला की काठावरच्या घरांत पाणी शिरतं. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर नाशिककरांना आठवत असतील. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावर आपण पूर मोजतो. पण पाणी उतरल्यावर ओल्या भिंती कोण सावरतं, हे मोजायला आपल्याकडे कुठलीच खूण नाही.

घरकुल योजना आहेत आणि त्या गरजेच्याही आहेत. पण त्यांचा मुख्य भर नव्या पक्क्या घरावर असतो. यादीत नाव लागतं, जागेचे कागद लागतात. पाऊस काही यादीची वाट बघत नाही. आणि बऱ्याचदा घर नवं बांधायची गरजही नसते. दहा-वीस कौलं, मूठभर वॉशर आणि एक दिवसाचं काम एवढंच हवं असतं. पैशापेक्षा तिथे हात कमी पडतात.

चर्चच्या स्वयंसेवकांनी काय केलं?

हे हात जमवण्याचं काम जगभरात अनेक चर्चमधल्या मंडळींनी मनावर घेतलं आहे. रविवारी प्रार्थनेला एकत्र येणारी माणसं शनिवारी हातोडी, शिडी आणि रंगाचे डबे घेऊन एखाद्या आजीच्या घरी जातात. तुटलेली पायरी बसवतात, छप्पर ठीक करतात, दाराची बिजागरी बदलतात. यामागे ख्रिस्ती परंपरेतला एक साधा प्रश्न आहे, "माझा शेजारी कोण?" येशूने त्याचं उत्तर एका गोष्टीतून दिलं. रस्त्यात जखमी पडलेल्या वाटसरूला त्याच्याच धर्मातले मोठे लोक बघून पुढे गेले, आणि ज्याला परका मानलं जाई त्या शोमरोनी माणसाने त्याला उचललं. म्हणजे शेजारी हा भिंतीला भिंत लागून ठरत नाही, तो मदतीला धावण्यावरून ठरतो. परंपरेप्रमाणे येशू स्वतः सुतारकाम करणाऱ्या घरातला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या कामाचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९४२ मध्ये क्लॅरन्स जॉर्डन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'कोइनोनिया' नावाची शेतवस्ती सुरू केली. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका पंगतीला बसणंही तेव्हा तिथे खपत नसे. त्या काळात ही मंडळी एकत्र राबत आणि एकत्र जेवत होती. गरिबांसाठी घरं बांधायची कल्पना तिथेच रुजली. त्यातून १९७६ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. भारतात तिचं काम १९८३ पासून आहे.

या संस्थेचे सर्वांत प्रसिद्ध स्वयंसेवक म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर. आपल्या गावच्या चर्चमध्ये ते रविवारच्या शाळेत शिकवत, आणि १९८४ पासून पत्नी रोझलिन यांच्यासह दरवर्षी एक आठवडा घरं बांधायला जात. २००६ साली हा आठवडा लोणावळ्याजवळ झाला. देशोदेशीचे स्वयंसेवक आले आणि १०० घरांचं काम उभं राहिलं. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते.

त्यांच्या घराचं महाराष्ट्राशी नातं त्याहून जुनं. १९६६ मध्ये त्यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी 'पीस कोअर'च्या स्वयंसेविका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि जवळजवळ दोन वर्षं त्यांनी तिथे परिचारिकेचं काम केलं. "आता माझं वय झालं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक पालकाला हे उदाहरण सांगावं.

पण मोठ्या नावांपेक्षा या संस्थेचा एक नियम मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याचं घर, त्याने स्वतः त्या कामावर राबायचं. स्वतःच्या घरावर आणि दुसऱ्याच्याही. म्हणजे घर मिळणारा हात पसरून उभा नसतो, तोही गवंड्याच्या शेजारी घमेलं उचलत असतो. आपली इर्जिक तरी वेगळं काय सांगत होती? घेणारा आणि देणारा असे दोन गट पडले की एकाची मान खाली जाते. दोघंही घामाघूम असले की कोणाचीच जात नाही.

शरणपूरची आठवण

मात्र नुसती इच्छा असून भागत नाही, हाताला काम यावं लागतं. याचं उदाहरण आपल्या नाशकातच आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज ये-जा करतो, पण हे नाव कुठून आलं ते मुलांना विचारून बघा. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनी नाशिकजवळ ही वसाहत उभी केली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना इथे आसरा मिळाला. त्यांना लिहा-वाचायला शिकवलं, आणि त्यासोबत सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही शिकवले. इथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे प्रसिद्ध प्रवासी लिव्हिंग्स्टनचं पार्थिव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. या शाळेच्या मुलांना बाहेरचं जग 'नासिक बॉइज' म्हणून ओळखत होतं.

ज्याला स्वतःचं घर उरलं नव्हतं, त्याच्या हातात रंधा दिला गेला. पुस्तक आणि रंधा एकाच शाळेत होते, ही गोष्ट आपण शिक्षकांनी विसरू नये.

गळती कशी शोधायची?

आता थोडं कामाचं बोलू. मोठ्यांनी छपरावर चढण्याआधी घरात उभं राहून बघायचं.

१. पाणी जिथे टपकतं, तिथेच ते आत शिरतं असं नाही. वाशावरून ओघळत ते दोन-तीन फूट खाली येतं. दिवसा दिवा बंद करून वर बघा. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण करा.

२. लोखंडी पत्रा बहुधा स्क्रूपाशी गळतो. स्क्रूखालचं वॉशर उन्हाने वाळून तडकतं. ते बदललं की निम्मं काम होतं.

३. आपल्याकडे पावसाचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. पत्र्याच्या बाजूच्या जोडाचं तोंड पश्चिमेला असेल तर वारा पाणी आत ढकलतो. पत्रे बसवतानाच हे पाहावं.

४. कौलं वळचणीपासून आढ्याकडे लावत जायची. वरचं कौल खालच्यावर चढलं पाहिजे. एक कौल सरकलं तरी खालची भिंत भिजते.

५. भिंतीला खालून ओल येत असेल तर छपराला दोष देऊ नका. घराभोवती पाणी साचतं का बघा. उतार पाहून काढलेला एक साधा चरसुद्धा मोठा फरक करतो.

६. सिमेंटच्या पत्र्यावर कधीच थेट पाय देऊ नये, तो अचानक फुटतो. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. त्याला भोक पाडताना किंवा तोडताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. ते काम जाणत्या माणसावरच सोपवावं.

७. ओल्या भिंतीतून वायर गेली असेल तर आधी मेन स्विच बंद करा.

शाळेने काय करावं?

मुलांना छपरावर चढवायचं नाही, हे आधी स्पष्ट सांगते. शिडी, वायर आणि पत्रा हे मोठ्यांचं काम. पण पालकसभेत आपण एक प्रश्न विचारू शकतो, "आपल्यापैकी कोणाला सुतारकाम, गवंडीकाम, वायरिंग, प्लंबिंग येतं?" शाळेत गप्प बसणारे कितीतरी वडील या प्रश्नाला हात वर करतात. "मॅडम, मला लिहिता येत नाही, पण कौलं चांगली लावता येतात," असं कोणी म्हणालं की त्यांच्या मुलाच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

मग मे महिन्यात एखादा रविवार ठरवावा. घर निवडताना वर्गात नाव जाहीर करू नये. आधी घरी जाऊन घरच्या बाईला, आजीला विचारावं, "मावशी, काय दुरुस्त करायला हवं?" आपल्याला जे दिसतं ते नव्हे, त्या सांगतील ते आधी. कदाचित त्यांना रंग नको असेल, न्हाणीचं दार हवं असेल. घरच्यांनी जमेल ते काम करावं, चहा त्यांच्याच चुलीवर व्हावा. फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. आणि पहिला मोठा पाऊस पडला की पुन्हा एकदा जाऊन छप्पर बघून यावं. ही शेवटची फेरी बहुतेकजण विसरतात.

काही पालक विचारतील, "चर्चचं उदाहरण का? यात धर्माचा प्रचार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. मदतीला अट जोडली की ती मदत राहत नाही, मग ती कोणत्याही धर्माची असो. हॅबिटॅटही धर्म पाहून घर देत नाही. आपल्या गाडगेबाबांनी आधी गावाचा रस्ता झाडला, मग कीर्तन केलं. नाशकात त्यांनी उभारलेली धर्मशाळा आजही गरजूंच्या उपयोगी पडते. ज्याच्या त्याच्या श्रद्धेने हाताला बळ मिळत असेल तर मिळू द्यावं. छप्पर दुरुस्त झालं पाहिजे.

वर्गासाठी उपक्रम

- आजी-आजोबांना विचारा: तुमच्या लहानपणी घर कसं शाकारत? सावडीला कोण येई? जेवायला काय असे?
- आपल्या घरात पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, त्याची आकृती काढा.
- वासा, आढं, वळचण, पन्हळ, कूड, चौकट या शब्दांचे अर्थ घरच्या मोठ्यांकडून लिहून आणा.
- शरणपूर, सातपूर, पंचवटी, द्वारका: आपल्या शहरातली ही नावं कशी पडली असतील?

आणि आपल्यासाठी, शिक्षकांसाठी एकच उपक्रम. पावसाळ्यात कोणाची वही ओली दिसली तर रागवण्याआधी विचारा, "रात्री झोप झाली का रे?" मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी तेच विचारलं. तो म्हणाला, "थोडी झाली, मॅडम." मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या वहीची पानं खिडकीत वाळत घातली.